छायाचित्रातील मुलाच्या हाती कॅमेरा

निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलाचे छायाचित्र साधारणतः दोन प्रसंगी काढले जाते. पहिले प्रवेशाच्या वेळी, अर्जाच्या कोपऱ्यातील चौकोनात चिकटविण्यासाठी. दुसरे एखाद्या कार्यक्रमात, वह्यांचे, गणवेशांचे किंवा ब्लँकेटांचे वाटप झाल्यावर, मुले रांगेत उभी राहून मिळालेली वस्तू छातीशी धरतात तेव्हा. संस्थेला या दोन्हींची गरज असते. शिष्यवृत्तीच्या प्रस्तावाला पहिले लागते, वार्षिक अहवालाला दुसरे. आपण दिलेली मदत कोठे पोहोचली हे पाहण्याचा देणगीदाराचा हक्कही मान्य केला पाहिजे. त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. तथापि या दोन्ही छायाचित्रांत एक गोष्ट समान आहे. कोठे उभे राहायचे, कोणीकडे बघायचे, हात कसे ठेवायचे, हे सारे दुसरा कोणीतरी ठरवितो. मूल पाहिले जाते. त्याला स्वतःला काय दिसते, हे कोणी विचारीत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे एक मत मांडावयाचे आहे. आपल्यासारख्या निवासी शाळांनी विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा द्यावा आणि छायाचित्रण हा शिक्षणाचा गंभीर भाग मानावा. त्यातून दहा-वीस नामवंत छायाचित्रकार निघतील, ही अपेक्षा यामागे नाही. दारिद्र्य, आईबापांचे अकाली जाणे, घरातील व्यसन, गावातील अवहेलना यांतून आलेल्या मुलाला आपले जगणे बाहेरून पाहता यावे, त्याकडे बोट दाखवून 'हे असे आहे' असे म्हणता यावे आणि पुढे दुसऱ्याच्या जगण्याकडेही तितक्याच आस्थेने पाहता यावे, एवढाच या आग्रहामागील हेतू आहे. आशा आणि जीवनाचा हेतू या मोठ्या शब्दांचा अर्थ माझ्या मते याच क्रमाने लागतो. हे केवळ कल्पनेने म्हणत नाही. ज्यांची आयुष्ये आज सर्वांना माहीत आहेत अशा काही माणसांच्या उदाहरणांवरून म्हणतो आहे.

पहिले उदाहरण गॉर्डन पार्क्स यांचे. ३० नोव्हेंबर १९१२ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, फोर्ट स्कॉट नावाच्या गावी एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांतील ते सर्वांत धाकटे. गावातील प्राथमिक शाळा गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या होत्या. पुढे ज्या शाळेत सर्वांना एकत्र प्रवेश होता, तेथे कृष्णवर्णीय मुलांनी महाविद्यालयाची स्वप्ने पाहून आईबापांचा पैसा वाया घालवू नये, त्यांना शेवटी हमाली आणि धुणीभांडीच करावयाची आहेत, असे एका शिक्षिकेने सांगितल्याची आठवण पार्क्स यांनी पुढे अनेकदा सांगितली. मिसरूड फुटण्याच्या वयातच आई गेली. त्यांना मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरी बहिणीकडे पाठविण्यात आले आणि तेथे मेहुण्याने ऐन हिवाळ्यात घराबाहेर काढले. सेंट पॉल आणि मिनिॲपोलिस या दोन शहरांमध्ये रात्रभर फिरणाऱ्या ट्राममध्ये बसून त्यांनी कित्येक थंड रात्री काढल्या. माध्यमिक शिक्षण अर्धवट राहिले. पियानो वाजविणे, हॉटेलात भांडी उचलणे, आगगाडीच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करणे, जे मिळेल ते त्यांनी केले.

त्या आगगाडीत प्रवासी वाचून टाकून गेलेली मासिके असत. अशाच एका मासिकात त्यांनी दुष्काळाने आणि मंदीने देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांची छायाचित्रे पाहिली. १९३० नंतरच्या त्या वर्षांत अमेरिकन सरकारने ग्रामीण दारिद्र्याची नोंद करण्यासाठी छायाचित्रकार नेमले होते आणि त्यांचे हे काम होते. आपल्यासारख्याच माणसांचे हाल इतक्या स्पष्टपणे जगापुढे मांडता येतात, ही गोष्ट पार्क्स यांच्या मनात रुजली. थोड्याच दिवसांत त्यांनी सिएटल शहरातील एका दुकानातून, जेथे गहाण पडलेल्या वस्तू विकल्या जात, एक जुना कॅमेरा विकत घेतला. त्यांचे वय तेव्हा पंचविशीचे होते आणि छायाचित्रणाचे कोणतेही शिक्षण झालेले नव्हते. पुढे १९६६ साली लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी जे नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ 'शस्त्रांची निवड' असा होतो. ज्या परिस्थितीत त्यांचे अनेक सवंगडी सुरी किंवा पिस्तुलाकडे वळले, त्याच परिस्थितीत आपण कॅमेरा निवडला, हा त्या नावाचा आशय आहे.

येथवरची कथा कष्टातून वर आलेल्या कोणत्याही माणसाची असू शकते आणि अशा कथा आपण शाळेच्या प्रार्थनासभेत पुष्कळ ऐकल्या आहेत. पार्क्स यांचे वेगळेपण पुढच्या घटनेत आहे. १९४२ साली त्यांना रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. याच निधीच्या साहाय्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा उभ्या राहिल्या होत्या. शिष्यवृत्तीवर ते वॉशिंग्टनला आले आणि ज्या सरकारी विभागाची छायाचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा घेतला होता, त्याच विभागात रॉय स्ट्रायकर या प्रमुखाच्या हाताखाली शिकू लागले. देशाच्या राजधानीत पहिल्याच दिवशी त्यांना कपड्यांच्या दुकानात दुर्लक्षून बसविले गेले, उपाहारगृहातून आणि चित्रपटगृहातून परत पाठविले गेले. ते संतापून कार्यालयात परतले. हा अपमान कॅमेऱ्याने कसा दाखवावा, हे त्यांना समजेना. दुकानदाराचे छायाचित्र काढले तर त्यात एक सभ्य गृहस्थ दिसेल. त्याचा तिरस्कार थोडाच दिसणार? स्ट्रायकर यांनी सुचविले की, याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या बाईशी आधी बोल.

त्या बाईंचे नाव एला वॉटसन. पार्क्स त्यांच्याशी बोलत बसले. त्यांच्या वडिलांना जमावाने ठार केले होते. पती गोळी लागून मरण पावले होते. वर्षाला सुमारे हजार डॉलरच्या पगारात त्या नातवंडांना वाढवीत होत्या. पार्क्स यांनी त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर उभे केले. एका हातात झाडू, मागे पोछा. ते छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे काम. पार्क्स कित्येक आठवडे एला वॉटसन यांच्या मागे फिरले. त्यांचे घर, त्यांची नातवंडे, त्यांचे चर्च, रात्रीची साफसफाई, सारे त्यांनी टिपले. स्वतःच्या अपमानाने पेटलेला एक तरुण या कामात स्वतःला विसरला. त्याचा राग नाहीसा झाला नाही. त्या रागाला काम मिळाले. हेतू सापडणे म्हणतात ते मला येथे दिसते. १९४८ मध्ये 'लाइफ' या विख्यात साप्ताहिकाने त्यांना छायाचित्रकार म्हणून नोकरीत घेतले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. पुढे १९६९ मध्ये आपल्याच कादंबरीवर चित्रपट दिग्दर्शित करून त्यांनी हॉलिवूडच्या मोठ्या निर्मितीसंस्थेचे दारही उघडले. मानद पदव्या अनेक विद्यापीठांनी दिल्या.

एला वॉटसन यांच्या हातातील झाडू आपल्याला परका नाही. या समाजातील कितीतरी कुटुंबांची एक पिढी महानगरपालिकेच्या झाडूवर जगली आणि त्याच पगारातून पुढची पिढी शिकली. मुंबईचे वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले आहे. गटारात उतरलेले शरीर, कचऱ्याच्या गाडीवर उभी असलेली माणसे, त्यांच्या वस्त्या, त्यांची घरे असे ते काम आहे. शहर ज्यांच्याकडे पाहतच नाही, त्यांच्याकडे पाहण्यास या छायाचित्रांनी शहराला भाग पाडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूतील एम. पलनी कुमार हे तरुण छायाचित्रकारही मैला आणि गटारे साफ करणाऱ्या कामगारांच्या जीवनाची नोंद करीत आहेत. मासळी विकून घर चालविणाऱ्या आईचा हा मुलगा आहे. वॉशिंग्टन, मुंबई आणि तमिळनाडू यांत अंतर मोठे आहे, काळही वेगळा आहे. तरी तिन्ही ठिकाणी झाडूवाल्याकडे सन्मानाने पाहण्याचे काम कॅमेऱ्याने केले.

आता आपल्या शाळेच्या सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ. विकी रॉय पश्चिम बंगालच्या पुरुलियाचा. आईवडिलांनी त्याला आजी-आजोबांकडे ठेवले होते. १९९९ साली, अकराव्या वर्षी, तो तेथून पळून दिल्लीला आला. नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर रिकाम्या बाटल्या आणि भंगार वेचू लागला, पुढे एका ढाब्यावर भांडी घासू लागला. तेथून तो 'सलाम बालक ट्रस्ट'च्या निवासगृहात पोहोचला. ही संस्था १९८८ साली, मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' या चित्रपटाच्या पाठोपाठ रस्त्यावरील मुलांसाठी स्थापन झाली. विकी तेथे शाळेत गेला, दहावी झाला. गुण जेमतेमच होते. अशा वेळी बहुतेक संस्थांत त्या मुलासाठी शिवण, सुतारकाम किंवा वायरिंग यांपैकी एक मार्ग ठरतो. त्याने छायाचित्रण शिकावयाचे म्हटले.

यानंतर संस्थेने जे केले ते मी संस्थाचालकांच्या मुद्दाम नजरेस आणू इच्छितो. संस्थेने त्याची इच्छा हसण्यावारी नेली नाही. संस्थेत आलेल्या एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या हाताखाली त्याला काम करू दिले. त्याच्या हाती साधा, स्वस्तातला कॅमेरा दिला. वय अठरा झाल्यावर नियमाप्रमाणे त्याला निवासगृह सोडावे लागले, तेव्हाही पाठीवरचा हात काढला नाही. चांगला कॅमेरा घेण्यासाठी कर्ज दिले आणि ते त्याने हप्त्याहप्त्याने फेडावयाचे होते. अनय मान या छायाचित्रकाराकडे तो साहाय्यक म्हणून राबला. २००७ साली दिल्लीत त्याचे पहिले प्रदर्शन भरले. विषय होता रस्त्यावर राहणारी मुले. म्हणजे कालपर्यंत तो स्वतः जसा होता, तशी मुले. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पुनर्बांधणीची छायाचित्रे काढण्याची संधी त्याला मिळाली. २०१३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचा विषय पुन्हा तेच निवासगृह, तेथील मुलांचे झोपणे, जेवणे, खेळणे, भांडणे. अलीकडे त्याने देशभरातील अपंग व्यक्तींच्या छायाचित्रांचा मोठा प्रकल्प हाती घेतला.

विकी रॉयच्या छायाचित्रांत रस्त्यावरचे मूल केविलवाणे दिसत नाही, ते व्रात्य दिसते, हसते, दमते, एखाद्या क्षणी अतिशय एकटे दिसते. बाहेरून आलेला कोणी छायाचित्रकार तेथे प्रथम दुःख शोधेल. जो तेथे राहून आला आहे त्याला ठाऊक असते की दुःख तर आहेच, त्याबरोबर दिवसही आहे आणि तो दिवस घालवावा लागतो. वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येक वाचकाला हे पटेल. घरची आठवण रात्री येते. दुपारी तर क्रिकेट असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे, कारण कॅमेरा हे उपकरण नेहमीच न्यायाच्या बाजूने उभे राहते असे नाही. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीला सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि त्या आयुष्यभर लंगडत चालल्या. आपल्या या व्यंगाने आपल्याला घडविले, असे त्या मानीत. १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याचे पीक बुडाल्याने अडकलेल्या मजुरांच्या तळावर त्यांनी एका आईचे तिच्या मुलांसह छायाचित्र काढले. विसाव्या शतकातील अत्यंत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी ते एक ठरले. ते वृत्तपत्रात आल्यावर सरकारने त्या तळावर धान्य पाठविले. तोवर ती आई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. हे नाव जगाला कळण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. तिचा चेहरा जगभर पोहोचला, पण त्यातून तिला काहीच मिळाले नाही आणि ही खंत तिने बोलून दाखविली. १९८३ साली तिच्या आजारपणाच्या खर्चासाठी तिच्या मुलांना लोकांकडे मदत मागावी लागली.

गॉर्डन पार्क्स यांनाही हा अनुभव आला. १९६१ साली त्यांनी ब्राझीलच्या रिओ शहरातील झोपडवस्तीत राहणाऱ्या फ्लाव्हिओ या दम्याने पोखरलेल्या बारा वर्षांच्या मुलाची कथा छायाचित्रांतून सांगितली. वाचकांनी पैसे पाठविले, मुलाला उपचारासाठी अमेरिकेत आणले, कुटुंबाला घर मिळाले. मुलगा जगला. परंतु दोन वर्षांनी त्याला परत पाठविण्यात आले आणि पुढे गरिबीने त्याला पुन्हा गाठले. छायाचित्राने एका मुलाचा प्राण वाचविला. त्याच्या वस्तीची व्यवस्था बदलली नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि विद्यार्थ्यांना हे दोन्ही सांगितले पाहिजे. ज्याचे छायाचित्र काढतो त्याचे नाव विचारावे, त्याची संमती घ्यावी, त्याला ते छायाचित्र द्यावे, हा शिष्टाचार छिद्रमान आणि प्रकाश यांच्या आधी शिकविला पाहिजे. आपल्या परंपरेत सम्यक दृष्टी हे अष्टांगिक मार्गाचे पहिले अंग मानले आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ असा की, समोरच्या माणसाला साधन न मानता पाहावे.

या आग्रहामागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या समाजाच्या स्मृतीशी निगडित आहे. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतील गुलामगिरीतून १८३८ साली निसटलेला महापुरुष. एकोणिसाव्या शतकात ज्यांची सर्वाधिक छायाचित्रे निघाली अशा अमेरिकन व्यक्तींत संशोधक त्याला अग्रस्थान देतात. त्याची सुमारे एकशे साठ छायाचित्रे ज्ञात आहेत. हा हौसेचा भाग नव्हता. त्या काळी कृष्णवर्णीयांची व्यंगचित्रे विकृत आणि विदूषकी काढली जात. डग्लस मुद्दाम उत्तम पोशाखात, गंभीर मुद्रेने, थेट पाहत छायाचित्र काढवून घेत असे आणि छायाचित्रणाच्या सामर्थ्यावर त्याने यादवी युद्धाच्या काळात व्याख्यानेही दिली. ज्या समाजाचे चित्र इतरांनी काढले, त्याने स्वतःचे चित्र स्वतः ठरवावे, हे त्याला उमगले होते.

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचे छायाचित्र असते. कोट, चष्मा, खिशाला पेन, हातात ग्रंथ. ज्यांना अंगभर वस्त्राचा अधिकारही नाकारला गेला, त्यांच्या घराच्या भिंतीवर ते छायाचित्र काय बोलते, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच भिंतीवर आपल्या आजीचे छायाचित्र आहे काय? असलेच तर बहुधा मतदार ओळखपत्रावरून मोठे करून घेतलेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेलेल्या लाखो लोकांत आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा होते. त्या दिवसाची छायाचित्रे आपण पाहतो ती त्या गर्दीत कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते म्हणून. त्या गर्दीतील चेहऱ्यांना मात्र नावे नाहीत. घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत जी थोडी छायाचित्रे उरली आहेत, त्यांच्या मागे नाव, गाव, साल लिहिलेले नाही. ओळखणारी माणसे एकेक करून जात आहेत. ही नोंद बाहेरचा कोणी येऊन करणार नाही. ती करू शकतील ते या वसतिगृहातील मुलेच, कारण सुटीत ती त्याच घरांत परततात.

या सूचनेवर पालकांचे आक्षेप असतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, आम्ही मुलाला अधिकारी, डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायला पाठविले आहे. छायाचित्रांनी पोट भरते काय? हा प्रश्न ज्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शिकविले त्यांचा आहे, म्हणून तो आदराने ऐकला पाहिजे. उत्तर असे की, बहुतेकांचे पोट छायाचित्रणाने भरणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. शाळेत कविता शिकलेला प्रत्येक जण कवी होत नाही. तरी आपण कविता शिकवितो. जो विद्यार्थी एका कामगाराचे छायाचित्र काढण्यासाठी दोन तास त्याच्याजवळ बसला, तो पुढे तहसीलदार झाला तर अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहील, इतके मला पुरे आहे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. मुले आधीच त्यात बुडाली आहेत, वसतिगृहात मोबाइलवर बंदी आहे ती योग्यच आहे, मग पुन्हा हा उपद्व्याप कशाला? माझे म्हणणे याच्या उलट आहे. आज प्रत्येक मूल कॅमेरा पाहत आणि कॅमेऱ्यात पाहत मोठे होते. त्याला शिकविलेले मात्र कोणी नसते. पूर्वी एका रिळात छत्तीस छायाचित्रे येत आणि प्रत्येक क्लिकला पैसे पडत, म्हणून माणूस आधी थांबे, मग पाहे, मग बटण दाबी. आज तो थांबाच राहिलेला नाही. शिक्षणाने परत आणावयाचा आहे तो हा थांबा. बंदीने मूल मोबाइलपासून दूर राहते ते शाळा संपेपर्यंत; शिस्तीने वापरायला शिकले तर ती शिस्त पुढेही बरोबर राहते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर माजी विद्यार्थ्यांकडे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात जुने, चालू स्थितीतील मोबाइल पडून आहेत. असे पाच-सहा मोबाइल सिमकार्ड काढून शाळेला दिले तर उपक्रम सुरू होऊ शकतो. ते शिक्षकांच्या ताब्यात राहतील आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शनिवारी दुपारी ठरावीक वेळेपुरते मिळतील. प्रत्येक विद्यार्थ्याला दिवसाला दहाच छायाचित्रे काढता येतील आणि त्यांतील एक निवडून ते का निवडले, हे त्याने चार ओळींत लिहावे. पहिल्या वर्षाचा विषय 'काम' असावा. शाळेच्या स्वयंपाकघरातील मावशी, रखवालदार, वीटभट्टीवरचे मजूर, शेतात निंदणी करणाऱ्या बाया, गवंडी, चर्मकार, एस.टी.चे वाहक. प्रत्येक छायाचित्राखाली त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव, काम आणि तारीख असलीच पाहिजे आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचलीच पाहिजे. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीचा विषय वेगळा: घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे छायाचित्र आणि पेटीतील जुन्या छायाचित्रांची नोंद. वर्षाअखेरीस, बुद्धपौर्णिमेच्या किंवा १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, निवडक छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांनाच पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवावे.

यात एक मूल असे निघेल, जे वर्गात कधी बोलत नाही, ज्याच्या घरी काय घडले हे फक्त अधीक्षकांना माहीत आहे. ते मूल पहिल्या शनिवारी कदाचित रिकामे अंगणच टिपून आणील, किंवा वाळत घातलेले कपडे, किंवा फाटकाकडे जाणारा रस्ता. त्याला 'माणूस का नाही काढलास' असे विचारू नये. त्याने काय पाहिले ते आधी पाहावे. गॉर्डन पार्क्स यांना एक स्ट्रायकर भेटला, ज्याने रागावलेल्या तरुणाला एका माणसाशी बोलायला पाठविले. विकी रॉयला एक संस्था भेटली, जिने त्याचे म्हणणे ऐकून घेतले. कॅमेरा दोघांच्याही हाती होता, पण त्या वेळी शेजारी कोणीतरी थांबले, हे त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरले. हे थांबणे आपल्या शाळेच्या शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. महिन्यातून एक शनिवार पुरेल.

संस्थेच्या व्यवस्थापनाला शेवटी एक छोटी विनंती. यापुढे वाटपाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे विद्यार्थ्यांनीच काढावीत. देणगीदारांना ती अवश्य पाठवावीत; त्यांना त्यात अधिक आनंद वाटेल, असा माझा विश्वास आहे. आणि पुढच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याने काढलेले असावे. त्याखाली छायाचित्रातील व्यक्तीचे नाव छापावे आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छायाचित्र काढणाऱ्याचे नाव व इयत्ता.